पेव फुटल्यावर

तिसरी पंगत बसली होती आणि मठ्ठा संपत आल्याची कुजबुज स्वयंपाकघराकडून सुरू झाली होती. सांगलीहून हरिपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं मंगल कार्यालय, लग्न आमच्या जावेच्या भाचीचं. जिलबीचं ताट घेऊन फिरणारा पोरगा प्रत्येकीला "घ्या की काकू, एकच" म्हणत दोन-दोन वाढत होता. खिडकीतून पलीकडच्या शेतात उभी राहत असलेली नवी कमान दिसत होती, तिच्यावर सोनेरी हत्ती बसवायचं काम चाललं होतं. ते बघत आमचे भावजी म्हणाले, "काय मंगल कार्यालयांचं पेव फुटलंय या रस्त्याला!" त्यांच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ जेवत होते. डोक्याला टोपी, कानावर पांढरे केस, मनगटं चांगली रुंद. त्यांनी मसालेभातातला हात थांबवला आणि पानाकडे बघतच म्हणाले, "पेव फुटल्यावर माणसं रडत्यात, पावणं. जिलबी खात न्हाईत." भावजींना तो विनोद वाटला, ते मोठ्यांदा हसले. गृहस्थांनी पोराला हाक मारून आणखी थोडा भात मागून घेतला आणि विषय तिथेच संपला.

भावजींपुरता संपला.

मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस सुचू देईना. 'पेव फुटणे' आपण येताजाता वापरतो. वर्तमानपत्रात तर खासगी क्लासेसचं, बोगस डॉक्टरांचं, भरती अकॅडम्यांचं, रस्त्याकडेच्या ढाब्यांचं, वाढदिवसाच्या फ्लेक्सचं असं काहीतरी पेव रोज फुटलेलं असतं. कान लावून ऐकायला लागले तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, पेव कधी चांगल्या गोष्टीचं फुटत नाही. गावात वाचनालयांचं पेव फुटलंय असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि कुणी म्हणालंच तर त्याला त्या वाचनालयांत काहीतरी काळंबेरं दिसलेलं असणार. दुसरी म्हणजे, बोलणारा त्या पेवात स्वतःला कधीच धरत नाही. लग्नाचा हिशेब चुकता करताना त्या कार्यालयाचा मालकच जावेच्या भावाला सांगत होता, "कार्यालयांचं नुसतं पेव फुटलंय बघा, धंद्यात राम राहिला नाही." हे सांगत तो जिथे उभा होता ते कार्यालय त्याच्या मोजणीत बहुतेक नव्हतंच.

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, एवढं माझ्या वयाच्या माणसांना तरी सांगावं लागत नाही. पण मग ते फुटणार कसं? खड्डा बुजतो, ढासळतो, पाण्याने भरतो. फुटायला त्याला बाहेरची बाजूच कुठे असते? फुटणे हे क्रियापदही मोठं फसवं. काच फुटते, नारळ फुटतो, बांध फुटतो, पेपर फुटतो, आमदार फुटतात, इथवर सगळं मोडतोडीचं. पण तांबडंही फुटतं, पालवी फुटते, तान्ह्या पोराला वाचा फुटते, डोंगराला पाझर फुटतो आणि घाम तर कुणालाही कुठेही फुटतो. आत काहीतरी होतं आणि ते आता बाहेर दिसायला लागलं, एवढाच या सगळ्यातला समान धागा. पेव यातल्या कुठल्या बिऱ्हाडातलं? नारळाच्या की पालवीच्या?

माझ्या आजोळी, तासगाव तालुक्यात, सोप्यासमोरच्या अंगणात एक पेव होतं. होतं म्हणजे, होतं असं सगळे सांगायचे. मला दिसायची ती अंगणाच्या कोपऱ्यातली जराशी खोलगट जागा, पावसाचं पाणी साचू नये म्हणून आज्जी जिच्यावर राख आणि मुरूम टाकत राहायची. आम्ही मुलं तिथे उड्या मारायचो आणि खालून पोकळ आवाज येतो असं एकमेकांना पटवायचो. आज्जीला विचारलं की ती कामाचं थांबवून सांगायची. मळणी झाली की ज्वारी कडक वाळवायची, दाताखाली टचकन वाजली पाहिजे. पेवात काडाचा जाळ करून आतली ओल मारायची. मग तळाला आणि कडेने पाचटाचा जाड थर, मग ज्वारी, वर पुन्हा पाचट, त्यावर फळ्या, माती, शेणकाला. एकदा सारवून झालं की त्यावरून बैलगाडी गेली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. काढताना वरची आणि काठाची ज्वारी काळपट निघायची आणि तिला एक आंबूस, कुबट वास असायचा. त्या ज्वारीची भाकरी आज्जीला मनापासून आवडायची, मामीला अजिबात नाही. 'पेवाचा वास' हा मामीचा नाक मुरडायचा शब्द होता. पावसाळ्यात न वाळलेली गोधडी, बंद पेटीतलं लुगडं, आमची भिजलेली दप्तरं, सगळ्यांना मामीच्या मते पेवाचा वास यायचा. १९७२ च्या दुष्काळात ते पेव तळाला गेलं आणि पुन्हा भरलंच नाही. आधी खडीची कामं आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, मग विहिरीवर मोटार, मग द्राक्षबाग. ज्वारी ही बाजारातून आणायची वस्तू झाली आणि पेवावर मामाने बागेच्या औषधांचं पिंप ठेवलं.

पेवाची सगळी मातबरी गप्प बसण्यात होती. कणगी घरात दिसते. पाहुणा आला की ती किती भरली आहे याचा अंदाज घेऊनच जातो. पेव दिसत नाही. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आणि नंतर दारात सावकार बसायला लागल्यावर, घरात काय आहे हे न दिसणं हीच मोठी राखण होती. तोंडावर उकिरडा रचायचा, नाहीतर गोठ्यातल्या गव्हाणीखालीच पेव काढायचं. शिवाय ते काळ्या रानात चालत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्या पोटात ठेवलेलं काही कोरडं राहत नाही. पेव काढायचं पांढरीत, गावठाणाच्या घट्ट, चिवट मातीत. म्हणजे माणूस जिथे राहतो त्याच्या बरोबर खाली त्याचं धान्य. घरं वर आणि वर्षाची बेगमी पायाखाली, असं अख्खं गाव.

अशी वस्तू फुटते तेव्हा काय होत असेल याचे दोन तर्क मी मनाशी केले होते. पहिला जरा आनंदाचा. टंचाईच्या दिवसांत कुणीतरी पेव उघडतो आणि काल जिथे दाणा नव्हता तिथे आज पोत्यांच्या थप्प्या लागतात. एकदम, न सांगता, कुठून आलं हे कळू न देता. आजच्या वापरातला 'अचानक' त्यात बसतो, पण त्यातली कुरकुर बसत नाही. धान्य बाहेर आलं म्हणून कोण नाक मुरडेल? शिवाय उघडायचं झालं तर माणूस पेव फोडेल, ते आपोआप फुटणार नाही, आणि आपण तर नेहमी फुटलं असंच म्हणतो. दुसरा तर्क ओलीचा. कुठून तरी पाणी झिरपतं, दाणा फुगतो, तापतो, त्याला मोड येतात, वरची माती उचलली जाते आणि एक दिवस अंगणात कोंब, किडे, मुंग्या आणि वास असं सगळं एकदमच वर येतं. भरपूर, पण नको असलेलं. माझं मत दुसरीकडे झुकत होतं, पण पंगतीतल्या त्या वाक्यात जे रडू होतं ते या घरगुती मोडांत मावत नव्हतं.

गृहस्थांचा पत्ता काढणं अवघड गेलं नाही. नवरीच्या नात्यातलेच निघाले, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, तरुणपणी हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाली केलेली. जावेने फोन लावून दिला. "पेव बघायला येतायसा? आता काय ऱ्हायलंय बघायला," असं म्हणून त्यांनी लगेच वेळ दिली.

हरिपूर सांगलीला इतकं चिकटलेलं की गाव कुठे सुरू झालं ते कळत नाही. कृष्णा आणि वारणा इथे एकमेकींना भेटतात, संगमेश्वराच्या देवळामागे घाट उतरत जातो. श्रावणी सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण मी गेले तेव्हा घाटावर धुणं वाळत होतं. आण्णा मला देवळाकडे न नेता सरळ एका मोकळ्या पडीक जागेत घेऊन गेले. गवतात ठिकठिकाणी दगडी कडी दिसत होती, एका माणसाला जेमतेम उतरता येईल एवढ्या तोंडाची. काहींवर शहाबादी फरशी टाकलेली, एकावर मोटारसायकल लावलेली, एकाच्या दगडाला शेळी बांधलेली. वरून बघून खालचा अंदाज येत नाही. आत पेव वीस-पंचवीस फूट खोल आणि रांजणासारखं पोटात फुगलेलं. नदी एवढी उशाला असून इथली माती ओल धरत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगलीच्या बाजाराची हळद या गावाच्या पोटात राहायची. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आलेलं हळकुंड इथे ओतलं की वर्षानुवर्षं कीड नाही, रंग उतरणं नाही. भाव पडलेला असला की व्यापारी निवांत. त्याची हळद जमिनीत झोपलेली आणि तो भाव उठायची वाट बघत पेढीवर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या कौतुकात या खड्ड्यांचाही वाटा होता.

"कीड का लागत न्हाई, म्हाइत हाय?" आण्णांनी फरशीवर बसत विचारलं. "आतली हवा मेल्याली असती. किडा जगत न्हाई, तसा माणूसबी जगत न्हाई." झाकण लावलं की आतला उरलासुरला प्राणवायू संपतो आणि तळाशी जड, दूषित हवा साचून राहते. उघडल्या उघडल्या कुणी उडी मारली तर तो वर येत नाही. म्हणून तोंड उघडायचं, वारं जाऊ द्यायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर ओढून घ्यायचा आणि बिडी ओढत बसायचं. जळत राहिला तर पहिला गडी उतरायचा. "मी पयला उतरायचो," आण्णा म्हणाले. त्यात फुशारकी होती की मुकादमावरचा जुना राग होता ते मला ओळखता आलं नाही. आत गुडघ्याएवढ्या हळकुंडांत उभं राहून पाट्या भरून वर द्यायच्या. घामावर हळद बसायची, बनियन पिवळं, पापण्या पिवळ्या, थुंकी पिवळी. हंगामात कितीही अंघोळी केल्या तरी अंगाखालची चादर पिवळी व्हायची. "मंडळी म्हणायची, तुमची हळद काय उतरंना झालीय. लगीन होऊन चार पोरं झाली तरी." हे सांगताना ते पहिल्यांदा हसले.

मग मी विचारलं, की पेव फुटतं म्हणजे काय होतं.

आण्णांनी शेळीच्या दिशेने हात केला. ते २००५ च्या पुराबद्दल बोलत होते. पाणी रस्त्यावरून चालत येईल म्हणून माणसं सामान माळ्यावर चढवत होती आणि हळदवाले पेवांच्या तोंडांवर मातीचे ढीग मारत होते. "आमी वरनं बुजवाय लागलो, आन ती खालनं आली." आधी पेव गुरगुरतं. आतली कोंडलेली हवा वर यायला बघते, झाकणाच्या कडेने बुडबुडे येतात, एखादं पातेलं उकळावं तसा आवाज. मग लिंपलेली माती मध्येच बसते, खळ्ळकन एक भोक पडतं आणि त्यातून वर येतं ते पिवळंजर्द फेसाळ पाणी. एका पेवाचं झालं की शेजारच्याचं. सगळ्या गावठाणात ते पाणी पसरत गेलं. उंबऱ्यांवर, भिंतींवर, म्हशींच्या पोटांवर पिवळ्या रेघा. पूर ओसरल्यावर पोटं ढासळलेल्या पेवांतून फुगलेली काळी हळद उपसून रस्त्यावर पसरली, तिच्यावर पांढरी बुरशी चढली आणि त्या वासाने गावात जेवण जाईना. लाखांचा माल होता, पण वाट चालणाऱ्याला दिसत होती ती फक्त जिकडेतिकडे पडलेली हळद. "बाहिरनं बघाय आल्याली माणसं म्हणायची, अबाबाबा, केवढी हळद!" आण्णा म्हणाले. "ज्याचं पेव हाय त्येच्याम्होरं मातूर 'फुटलं' म्हणायचं न्हाई. 'बसलं' म्हणायचं."

त्यांचं हे बोलणं ऐकल्यावर माझे दोन्ही तर्क मला जरा पुस्तकी वाटायला लागले. आपण जो शब्दप्रयोग वापरतो तो पेववाल्याने केलेला नसणारच. तो बघायला आलेल्याने केलाय. ज्याचं गेलं त्याच्या दृष्टीने ते नुकसान, पण काठावर उभ्या असलेल्याला कालपर्यंत न दिसलेली वस्तू एकदम सगळीकडे दिसते, तीही सडलेली, वास मारणारी, पायात येणारी. अचानक, भरपूर आणि नकोशी. क्लासेसच्या आणि कार्यालयांच्या पेवाला लागतात ते तिन्ही रंग त्या एका दृश्यात आहेत. हे सगळीकडे असंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही. मराठी मुलखात पेवं गावोगाव होती, पूर आणि ओलही गावोगाव होती. पण मला तरी याहून चांगला खुलासा अजून भेटलेला नाही.

२०१९ च्या पुरात तर सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. पण तोवर हरिपूरच्या पेवांत बुडण्यासारखं फार उरलं नव्हतं. हळद आता शीतगृहात जाते आणि गोदामात थप्पीला लागते. बाजारात हिंगोली-नांदेडची येते, कर्नाटक-तेलंगणातून येते, आणि कुठल्या पोत्यात कुठली हे संगणकावर दिसतं. हमालाला कंदील लागत नाही. आण्णांना याचं काही दुःख आहे असं मला जाणवलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले, "पोरगं माझं गोदामात हाय, पंख्याखाली." पेवांबद्दल हळवं व्हायचं काम माझ्यासारख्या, त्यात कधी न उतरलेल्या बाईकडेच आलं होतं, आणि मी ते बऱ्यापैकी करत होते.

घरी येताना डोक्यात शब्दांची रांगच लागली. भरपूर झालं हे सांगायला आपल्याकडे किती शब्द आहेत आणि त्यातले कितीतरी वाकड्या तोंडाचे! नेत्यांचं अमाप पीक आलंय. अफवांना ऊत आलाय. आश्वासनांचा महापूर, पुरस्कारांची खैरात, उपदेशांचा सुकाळ. पीक यावं म्हणून माणूस आभाळाकडे बघत जन्म काढतो, सुकाळासाठी देवाला कौल लावतो, दूध उतू जाण्याइतकं असावं हे तर सुवासिनीला दिलेल्या आशीर्वादात बसेल. आणि तीच चित्रं दुसऱ्याच्या बाबतीत वापरताना आपण नाकाला पदर लावतो. आमच्या या जिल्ह्याला ते शोभतंही म्हणा. इकडे कृष्णाकाठ पाण्यात आणि तिकडे जत-आटपाडी टँकरच्या रांगेत, हे एकाच वर्षात बघितलेली माणसं आम्ही. समोर ढिगाने काही दिसलं की आधी त्यात खोट शोधायची, ही सवय एका दिवसात लागलेली नसणार. आज्जीचं म्हणणं तर त्याहून पुढचं होतं. तिच्या मते धान्याची रास उघड्यावर फार वेळ ठेवूच नये, दृष्ट लागते. मापं झाली की झाकायची. पेव भरताना ती मापंही तोंडाने मोजायची नाही, ज्वारीचा एकेक दाणा बाजूला टाकत जायची.

हे सगळं मी माझ्या आतेबहिणीला फोनवर सांगत होते. ती जत तालुक्यात दिलेली, कानडी मुलखाच्या अगदी कडेला, सासरी घरात दोन्ही भाषा. ती म्हणाली, "आमच्यात पेव नाही म्हणत गं, हगेव म्हणतात." मराठी कानाला जरा अवघडच शब्द, आम्ही दोघी त्यावर लहानपणीसारख्या हसलो. पण मग लक्षात आलं की जुन्या कानडीतल्या कितीतरी 'प'चा पुढे 'ह' झालाय. दुधाचा 'पाल' होता त्याचं 'हालु' झालं, 'पळ्ळी'ची 'हळ्ळी' झाली. मग हगेवाच्या पोटातही कधीकाळी 'प' असेल, आणि आपलं पेव त्याच घराण्यातलं असेल, असा माझा एक हौशी अंदाज आहे. बहिणीला त्यात काडीचा रस नव्हता. तिचं म्हणणं होतं की हगेव काय असतं ते फोनवर कशाला विचारतेस, आमच्या गोठ्याखाली आहे ना एक, मामंजी अजून दर दोन वर्षांनी भरतात. ज्वारी आहे त्यात, शाळूची.

मी उडालेच. अजून भरतात? मग दिवाळीत येते, उघडताना मला बघायचंय, फोटो काढते, आण्णांनाही घेऊन येते. तिने फोन तसाच धरून मामंजींना विचारलं. पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा आणि त्यांचं लांबलचक कानडी बोलणं ऐकू आलं. मग ती मराठीत सांगायला लागली. या म्हणतायत, अवश्य या, राहायलाच या. पुरणपोळी करू. उघडायचं मात्र दिवाळीत नाही, ते पाऊसमान बघून ठरतं. फोटो काढायचा नाही. आणि हगेव गोठ्यात कुठल्या दावणीखाली आहे, ते त्या हळदवाल्या आण्णांनाही सांगायचं नाही.